भुंगेरा नेमका कुठल्या झाडात वाढला, हे कसं शोधायचं

वाळक्या ओंडक्यावर भुंगेरा दिसला, फोटो काढला आणि खाली "यजमान झाड अमुक" लिहून मोकळं झालं, असं करू नका प्लीज. भुंगेरे ऊन खायला, जोडीदार शोधायला, नुसतं लपायलासुद्धा कुठल्याही लाकडावर येऊन बसतात. यजमान म्हणजे ज्या लाकडात अळी वाढली ते झाड, त्यामुळे खरा पुरावा एकच, आत सापडलेली अळी किंवा कोष, नाहीतर त्याच लाकडातून बाहेर पडलेला भुंगेरा.

सुरुवात चाकूने करा. टोक दाबून बघा आत जातं का आणि साल अजून घट्ट आहे का. झाड नुकतंच मेलेलं असेल तर त्याचं नाव नक्की करायलाच हवं, कारण सालीखाली राळ, चीक, कडू द्रव्यं अजून शिल्लक असतात आणि ती झेलणारे किडे ठराविकच. सालीखाली बोगदे करणारा इप्स टायपोग्राफस मुख्यतः स्प्रूसवरच (पाइनसारखं सूचीपर्णी झाड) मिळतो तो म्हणूनच. लाकूड भुसभुशीत झालं की मात्र गणित बदलतं, तिथे झाडापेक्षा बुरशीला जास्त किंमत, म्हणून धागे धागे सुटणारी पांढरी कूज आहे की चौकोनी तुकडे पडणारी तपकिरी कूज, हे आधी लिहून ठेवा. ताज्या लाकडात ठराविकच किडे, या नियमाला अपवाद अँब्रोशिया भुंगेरे, ते ताज्या ओल्या लाकडात शिरतात पण लाकूड खातच नाहीत, बोगद्यात बुरशी पिकवून ती खातात, म्हणून त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कितीतरी जातींची झाडं चालतात. बारीक भोक आणि कडा काळपट दिसल्या तर हेच असण्याची शक्यता जास्त.

झाड ओळखायला पानं नसतील तर साल बघा, आणि तीही नसेल तर ब्लेडने आडवा काप साफ करून भिंगातून बघा. लाकडाची स्वतःची बारीक छिद्रं (पाणी वाहणाऱ्या नळ्यांची तोंडं) दिसली तर रुंद पानांचं झाड, नाही दिसली तर बहुतेक पाइन, देवदार अशांपैकी. एवढ्यानेसुद्धा अर्धं काम होतं. १ ते २ मिमीची गोल भोकं आणि टाल्कम पावडरसारखा भुसा पाडणारे लिक्टस भुंगेरे रुंद पानांच्या झाडातच वाढतात आणि तेही बाहेरच्या पांढऱ्या लाकडात, कारण त्यांना स्टार्च लागतो आणि मादी अंडी त्या छिद्रांमध्येच घालते. घराच्या लाकडातला हायलोट्रूपीस भुंगेरा बरोबर उलटा, तो फक्त पाइनसारख्या लाकडात. इंग्रजी डी अक्षरासारखं भोक दिसलं तर ॲग्रिलससारख्या रत्नभुंगेऱ्यांवर संशय घ्या.

खात्रीच करायची असेल तर लाकडाचा तुकडा बादलीत ठेवून वर बारीक जाळी बांधा. एका बादलीत एकाच झाडाचं लाकूड, मिक्स केलं की सगळं वाया. चिठ्ठीवर झाड, खोड की फांदी, जाडी, उभं होतं की पडलेलं, आणि तारीख. मधूनमधून हलकं पाणी शिंपडा, भिजवू नका. घाईही करू नका, काही लांबशिंगी भुंगेऱ्यांना बाहेर पडायला वर्षानुवर्षं लागतात, लाकूड कोरडं असेल तर अजूनच.

आणि बादलीतून निघालेलं सगळंच लाकूड खाणारं नसतं हां, क्लेरिड भुंगेरे सालीखालच्या किड्यांना खायला आलेले असतात, त्यांच्यापुढे झाडाचं नाव लिहायचं तर शिकारी म्हणूनच लिहा.