मळणीच्या दिवसांत नाक आणि छाती सांभाळा

मळणी चालू असली की संध्याकाळी नाक शिंकरल्यावर रुमालावर काळपट थर येतो. तो पाहून बहुतेक जण निर्धास्त होतात: धूळ निघाली, झालं. खरं तर रुमालावर आलेली धूळ नाकाने आधीच अडवलेली असते. साधारण १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड कण नाकातले केस आणि शेंबूड यांत अडकतात. ४-५ मायक्रॉनच्या आतले कण मात्र पार फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत, उतरतात आणि ते शिंकरून निघत नाहीत. घोर लावणारी धूळ ती, आणि ती डोळ्यांना दिसतही नाही.

मळणीची धूळ म्हणजे नुसती मातीही नव्हे. तिच्यात तूस, कूस, बुरशीची बीजं, किडींचे अवशेष, फवारलेल्या औषधाचा अंश असं सगळं असतं. सगळ्यात वाईट ती भिजून तापलेल्या पेंढ्यांची. अशी पेंढी सोडली की कुबट वास येतो आणि पांढुरका धुरळा उठतो. त्या धुरळ्यात बुरशी असते, शिवाय उबेत वाढणारे जिवाणूही. त्यातून होणाऱ्या आजाराला ‘शेतकऱ्याचं फुप्फुस’ म्हणतात. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरांनी बुरशी आलेलं गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये त्याची नोंद केली. याची खोड अशी की त्रास लगेच होत नाही. दुपारी पेंढ्या सोडल्या तर ४ ते ८ तासांनी, म्हणजे रात्री, थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला लागतो, छाती आवळल्यासारखी होते. बहुधा एक-दोन दिवसांत बरं वाटतं. मग थकवा किंवा हवाबदल समजून माणूस ते अंगावर काढतो आणि पुन्हा त्याच गंजीपाशी जातो. असं वारंवार होत राहिलं तर फुप्फुस कडक होत जातं, आणि ते पूर्ववत होत नाही.

म्हणून पहिला उपाय मास्क नव्हे, वाळवण. धान्य आणि वैरण नीट वाळवूनच साठवा. बुरशी धरलेला माल वेगळा काढा. तो हलवावाच लागला तर उघड्यावर, आधी थोडं पाणी शिंपडून, आणि पुन्हा गंजीत टाकू नका.

मळणी यंत्र लावताना वारा बघा. भुसा फेकणारं तोंड वारा जातो त्या दिशेला हवं, पेंढ्या घालणाऱ्याच्या पाठीकडून वारा यायला हवा. दुपारी वारा फिरला तर यंत्र फिरवायचा कंटाळा करू नका. भुशाच्या तोंडाशी दिवसभर एकच माणूस उभा करू नका, पाळ्या लावा. दमेकऱ्याला तिथे मुळीच नको.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणं तूस अडवतं, बारीक धूळ नाही. ओला केला तरी नाही. एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा मानेवर. नाकावरची पत्ती दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, मग जोरात उच्छ्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालाशी वारा लागला तर मास्क नीट बसलेला नाही. दाढीचे खुंट असले तरी फट राहते. मास्क धुवू नये, झटकूही नये. श्वास ओढायला जड जाऊ लागला की बदलावा.

एक चूक नेहमी दिसते. यंत्र थांबलं की मास्क गळ्यात उतरतो आणि लगेच खळं झाडायला घेतात. त्या वेळीही बारीक धूळ उडतच असते. मास्क सगळं झाडून झाल्यावरच काढा.

पेवात किंवा बंद कोठारात उतरताना मात्र या मास्कवर भिस्त ठेवू नका. तिथे प्रश्न धुळीचा नसून प्राणवायूचा असतो, आणि मास्क तो देत नाही.

घरात शिरण्याआधी कपडे बाहेर काढा, हातपाय आणि तोंड धुवा. नाक धुवायचं असेल तर पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या. पाव लिटरला अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडं कमी मीठ पुरतं. विहिरीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात ओढू नका, त्यातले सूक्ष्मजीव क्वचित जिवावर बेततात. चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब मोठ्यांनीही ३ ते ५ दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत. पुढे थेंबांमुळेच नाक चोंदू लागतं, आणि मग माणूस आणखी थेंब टाकतो.

शिंका, नाक गळणं, खोकला कामाच्या दिवशी वाढतो आणि सुटीला उतरतो का, हे आठवडाभर टिपून ठेवा. दम लागणं, छातीत घुरघुर, रात्रीचा ताप किंवा खोकल्यातून रक्त दिसलं तर दवाखाना गाठा. तिथे नुसतं ‘ताप येतो’ म्हणू नका. बुरशीची वैरण कधी हाताळली आणि त्यानंतर किती तासांनी ताप चढला, तेही सांगा.