लिव्हरची शंका असलेल्या छोट्या कुत्र्यासाठी तपासणीआधीची तयारी

डॉक्टरांनी लिव्हरचं नाव काढलं की आधी एक वही काढा. मला ही तयारी सगळ्यात मोलाची वाटते, कारण हा आजार तपासणीच्या टेबलावर क्वचितच उघड होतो; त्याच्या खुणा घरात दिसतात. कुत्र्याने किती खाल्लं, पाणी किती प्यायलं, उलटी झाली का, लघवी नारिंगी आहे का, शी फिकट आहे की डांबरासारखी काळी, हे रोज लिहा. प्रत्येक नोंदीपुढे शेवटच्या जेवणाची वेळ टाका. खाल्ल्यावर थोड्या वेळाने कुत्रा गुंगल्यासारखा होत असेल, लाळ गाळत असेल, गोल गोल फिरत असेल किंवा भिंतीला डोकं टेकून उभा राहत असेल, तर अमोनिया (प्रोटीन पचताना तयार होणारा विषारी पदार्थ) लिव्हरमध्ये साफ न होता मेंदूपर्यंत पोचत असण्याची शक्यता असते. यॉर्कशायर टेरिअर, माल्टीज अशा जातींत जन्मजात शंटमुळे, म्हणजे आतड्यांकडचं रक्त लिव्हरला वळसा घालून गेल्यामुळे, हे बऱ्याचदा घडतं. अशा वेळी व्हिडिओ काढाच. हिरड्या आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागाचे फोटो दिवसाच्या उजेडात घ्या. पिवळ्या दिव्याखाली कावीळ ओळखू येत नाही.

मग औषधं. चालू असलेलं सगळं, कानात-डोळ्यात घालायचे थेंबसुद्धा, पाकिटांसकट सोबत न्या. स्टेरॉइड आणि फिटवरचं फेनोबार्बिटल यांनी लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात, आणि हे डॉक्टरांना माहीत नसेल तर रिपोर्टचा अर्थ चुकतो. म्हणून फिटचं औषध परस्पर बंद मात्र करू नका. अचानक थांबवल्याने जोराची फिट येऊ शकते. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घरच्या घरी कधीच देऊ नका. झायलिटॉल असलेलं शुगरफ्री च्युइंगमही त्याच्या तोंडाला लागता कामा नये.

बाइल ॲसिड टेस्ट, म्हणजे लिव्हर नीट काम करतंय का हे पाहणारी रक्ततपासणी, ठरली असेल तर साधारण १२ तास उपाशी ठेवून एकदा रक्त घेतात, थोडं खाऊ घालून २ तासांनी पुन्हा घेतात. पाणी चालू ठेवा. अगदी लहान चणीच्या कुत्र्याची किंवा पिल्लाची साखर उपाशीपोटी उतरू शकते, म्हणून त्याला नेमके किती तास उपाशी ठेवायचं ते आधी विचारा. त्याच्या आवडीचं रोजचं खाणं डब्यात न्या, कारण दवाखान्यात घाबरलेला कुत्रा अनोळखी अन्नाला तोंड लावत नाही. सकाळची लघवी स्वच्छ डबीत मिळाली तर उत्तम. ती घेताना हातमोजे घाला. लेप्टोस्पायरोसिस हा लिव्हरला बाधणारा जंतुसंसर्ग लघवीतून माणसालाही होतो.

खाण्यातलं प्रोटीन स्वतःहून तोडू नका. लिव्हरला सावरायला प्रोटीन लागतं, आणि मेंदूवर परिणाम दिसत असेल तरच डॉक्टर ते मोजून कमी करतात. तोवर दिवसभरात थोडं थोडं, कमी तेलाचं द्या. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा. ३ किलोच्या कुत्र्याचे ३०० ग्रॅम उतरले म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि औषधाचा डोसही वजनावरच ठरतो.

डॉक्टरांना रक्तातल्या अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन), बिलिरुबिन (काविळीत वाढणारा पिवळा घटक) आणि साखरेचे आकडे आवर्जून विचारा. एएलटी हे एन्झाइम लिव्हरला इजा होत असल्याचं सांगतं, पण लिव्हर काम किती करतंय हे वरच्या तीन आकड्यांवरून कळतं. बायॉप्सीचा, म्हणजे लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासण्याचा, विषय निघाला तर त्याआधी रक्त गोठण्याची तपासणी होणार का, तेही विचारून घ्या.

रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर फोनमध्ये ठेवा. फिट, बेशुद्धी, रक्ताची उलटी किंवा काळी शी दिसली तर सकाळची वाट पाहू नका. साखर उतरल्यासारखी वाटली तर वाटेत हिरड्यांना ग्लुकोज लावायचं का आणि किती, हे याच भेटीत विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.