समुद्रतळाच्या गाळाचा डेटा जमा करण्याआधी

प्रबंध लिहून होत आला की डेटा रिपॉझिटरीत (डेटाच्या ऑनलाइन साठ्यात) टाकायचं काम आपण शेवटच्या आठवड्यावर ढकलतो. तसं करू नका, महिनाभर आधी बसा. सुरुवात नमुन्याच्या पूर्ण नावापासून. समुद्रतळ खोदून गाळाचे नमुने काढणारं ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ हे जहाज २०१५ साली ३५५ व्या मोहिमेवर कोलंबोहून निघालं आणि मुंबईला येऊन थांबलं. वाटेत अरबी समुद्रातल्या लक्ष्मी बेसिनमध्ये यू१४५६ आणि यू१४५७ या दोन साइटवर त्याने तळाखाली ११०० मीटरहून खोल ड्रिलिंग केलं. एवढ्या गाळातला ‘नमुना २७’ नेमका कुठला, हे दोन वर्षांनी तुम्हालाही आठवणार नाही. म्हणून मोहीम, साइट, होल (साइटवर पाडलेलं छिद्र), कोअर (छिद्रातून निघालेला गाळाचा लांब दंडगोल), सेक्शन (कोअरचा कापलेला तुकडा) आणि सेंटिमीटर (सेक्शनमधली जागा) प्रत्येक ओळीत हवेतच.

सेंटिमीटरचे वरचे आणि खालचे आकडे एक्सेलच्या दोन वेगळ्या रकान्यांत भरा. माझ्या पहिल्या फाइलमध्ये ‘३-५’ ची गुपचूप ‘३ मे’ झाली होती आणि आलेख काढेपर्यंत मला पत्ता नव्हता. खोली लिहिताना ती कुठल्या मापाची तेही लिहा. वर आल्यावर दाब उतरतो, गाळ फुगतो, आणि साडेनऊ मीटर खोदून काढलेल्या कोअरमधून त्याहून लांब गाळ निघतो. मग सीएसएफ-ए या खोलीच्या मापात, जिथे फुगलेली लांबी तशीच धरतात, वरच्या कोअरचं बूड खालच्या कोअरच्या डोक्यावर चढतं. सीएसएफ-बी मापात तेच दाबून बसवलेलं असतं. फोरॅमच्या (कवच असलेल्या सूक्ष्म सागरी जीवांच्या) मोजणीत शून्य आणि रिकामा रकाना यांची गल्लत नको: शून्य म्हणजे पाहिलं पण सापडलं नाही, रिकामा म्हणजे मोजलंच नाही. मापनाचं यंत्र, मानक नमुना आणि त्रुटी यांची माहिती एका परिच्छेदात उरकते.

पावसाळा लागायच्या आत उरलेल्या नमुन्यांच्या पिशव्यांवरच्या लेबलांचे फोटो काढा. आपल्या दमट हवेत शाई फुटते.

मोहिमेतल्या शास्त्रज्ञांसाठी राखीव असलेलं एक वर्ष कधीच सरलंय, त्यामुळे डेटा दाबून ठेवायला कारण नाही. २०२४ साली त्या जहाजाची ड्रिलिंगची कामगिरीही संपली. आहेत ते कोअर कोचीत आहेत (केरळातल्या नव्हे, जपानमधल्या) आणि पुढचे लोक तुमचे आकडे तिथल्या गाळाशीच ताडून पाहणार आहेत.

सगळं झालं की फाइल एखाद्या ज्युनिअरला द्या आणि मधल्याच एका ओळीवरून कोअर, सेक्शन आणि खोली सांगायला लावा. जिथे त्याला तुम्हाला विचारावं लागेल, तिथे दुरुस्ती करा. डीओआय (डेटाचा कायमचा ओळख क्रमांक) त्यानंतर घ्या.