ऑप्शन फॉर्म भरायला येताना वही घेऊन या

उदगीरला माझं नेट कॅफे आहे. इंजिनिअरिंगच्या कॅपचे, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, ऑप्शन फॉर्म सुरू झाले (हव्या त्या कॉलेजांची क्रमानं यादी भरायची) की निम्मे पालक हात हलवत येतात. "दादा, तुम्हीच टाका चांगली चांगली कॉलेजं." मी टाकत नाही. वही घेऊन या म्हणतो.

वहीत आधी मागच्या वर्षीचा कटऑफ उतरवा. हे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवर प्रत्येक फेरीची वेगळी पीडीएफ असते. चौकटीत वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. रकान्याचं नाव मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. 'जीओपनएच'मधला एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, त्याच विद्यापीठातल्या मुलांसाठी; तिथं ओ असेल तर बाहेरच्यांसाठी, एस असेल तर राज्यस्तर. सुरुवातीला एल असेल तर मुलींची जागा. आपण नांदेड विद्यापीठातले; पुण्याच्या खासगी कॉलेजला आपल्याला ओ बघायचा. एचचा आकडा बघून पेढे आणलेलं पोरगं मी पाहिलंय.

मग काट मारा. कॉलेजची फी 'शुल्क नियामक प्राधिकरणा'च्या साइटवर बघा, त्यात होस्टेल-मेस स्वतः मिळवा. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागेचा, पर्याय वेगळा टाकावा लागतो. त्याच्या चॉइस कोडच्या (फॉर्ममधल्या कॉलेज-शाखेच्या नंबराच्या) शेवटी टी असतो. तिथं ट्यूशन फी माफ, बाकीची भरावीच लागते. एनबीए म्हणजे शिक्षणाच्या दर्जाचं मानांकन; ते कॉलेजला नाही, शाखेला मिळतं. म्हणून गेटवरच्या फलकावर जाऊ नका, आपल्या शाखेचं विचारा.

आता क्रम. इथंच घोळ होतो. एका वडिलांनी "हातचं जायला नको" म्हणून जवळचं कॉलेज एक नंबरला टाकायला लावलं, पोरीला हवं होतं ते तीनला. पहिल्या फेरीत एक नंबर लागला, सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की. पुढच्या फेऱ्या तिच्यासाठी संपल्या. कटऑफ लागला तेव्हा कळलं, तीन नंबरचं तिला त्याच फेरीत बसत होतं. यंत्र वरून खाली वाचत जातं आणि बसेल तिथं थांबतं. अवघड कॉलेज वर टाकल्यानं खालचं जात नाही. मनातलं वर, हमखास लागणारं तळाला.

कन्फर्म करण्याआधी मी यादी छापून मोठ्यानं वाचतो. प्रत्येक नंबरला एकच प्रश्न: हे लागलं तर जाणार? पोरगं अडखळलं की ती ओळ खोडायची. बटण त्यानंच दाबायचं. तोवर वडलांना मी बाहेर चहाला पाठवतो.