पॅलेटच्या पाळीआधी: हवेवरच्या नेल गनची तयारी

पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, ठोकणाऱ्या शेडमध्ये नेल गनची तयारी कॉम्प्रेसरच्या टाकीपाशी सुरू होते. टाकीच्या बुडाचा ड्रेन कॉक उघडा आणि पाणी संपून नुसती हवा येईपर्यंत तो उघडाच ठेवा. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हे काम दिवसातून दोनदा करावं लागतं, कारण हवेतली ओल दाबाखाली टाकीतच पाणी होऊन साचते. तेच पाणी पाइपमधून गनमध्ये गेलं की आतलं तेल धुऊन नेतं, सिलिंडर गंजतो आणि गन दुपारनंतर अर्धवट खिळे मारायला लागते. कारागीर मग गनला दोष देतो आणि दाब वाढवतो. इथूनच पुढचा धोका सुरू होतो.

दाब किती ठेवायचा हे गनवर छापलेलं असतं. पॅलेटला वापरतात त्या ५५ मिलिमीटरपर्यंतच्या कॉइल नेलरला (गुंडाळीतले खिळे मारणाऱ्या गनला) साधारण ५ ते ८ बार लागतो. रेग्युलेटरने दाब या पट्ट्याच्या खालच्या टोकाला ठेवून टाकाऊ फळीवर दोन-तीन खिळे मारून पाहा. डोकं फळीच्या पृष्ठाशी समतल बसलं की काटा तिथेच सोडा. पाइपचं बळ पूर्ण यंत्रणेत होऊ शकणाऱ्या कमाल दाबाच्या निदान दीडपट हवं, आणि पाइपला चीर किंवा फुगवटा दिसला तर टेप न गुंडाळता तो बदला. कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन सिलिंडर जोडायचा विचारसुद्धा करू नका. गनमध्ये तेल असतं, ऑक्सिजनबरोबर त्याचा स्फोट होतो. गन चालते ती फक्त कॉम्प्रेसरच्या स्वच्छ, कोरड्या हवेवर.

आता गनच्या शेपटीकडची जोडणी बघा. याकडे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून जरा थांबून सांगतो. झडप असलेला कपलर (झटकन जोडायचा सांधा) पाइपच्या टोकाला हवा आणि गनला त्यात घुसणारा नुसता पोकळ मेल प्लग. अशी जोडणी असली तर पाइप काढताच गनमधली हवा फुस्स करून बाहेर पडते आणि गन खरोखर रिकामी होते. उलट बसवलं, म्हणजे झडपेचा कपलर गनलाच लावला, तर पाइप काढल्यावरही एका फटक्यापुरती हवा आत कोंडलेली राहते. कारागिराला वाटतं हवा तोडली. तो अडकलेला खिळा काढायला नोजमध्ये, म्हणजे खिळा सुटतो त्या तोंडात, बोट घालतो आणि गन चालते. कपलर काढल्यावर तो फुस्स आवाज आला नाही, तर ती गन त्या दिवशी वापरू नका, आधी फिटिंग बदला.

कॉइल भरण्याआधी सेफ्टी, म्हणजे लाकडावर दाबल्याशिवाय गन चालू न देणारं नोजचं सरकतं टोक, तपासा. पाइप काढलेला, खिळे नाहीत, अशा अवस्थेत नोजचं टोक लाकडावर दाबा आणि सोडा. ते मोकळेपणाने आत जाऊन स्प्रिंगने लगेच बाहेर आलं पाहिजे. पाइनच्या लाकडाची राळ आणि भुसा मिळून इथे चिकट थर धरतो, तो ब्रशने काढा. मग खिळे न भरताच हवा जोडा आणि गन खाली लाकडाकडे धरून क्रम बघा. नुसता चाप ओढला तर गन चालता कामा नये, नुसतं नोज दाबलं तरी नाही. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची: चाप आधी ओढून धरा आणि मग नोज लाकडावर टेकवा. गन चालली तर तिला ‘बंप’ ट्रिगर आहे. नाही चालली तर क्रमाने चालणारा, म्हणजे सिक्वेन्शियल ट्रिगर आहे.

पॅलेटच्या धंद्यात खरा निर्णय इथे आहे. एका प्रमाणित युरो पॅलेटला ७८ खिळे लागतात. शंभर पॅलेट म्हणजे ७,८०० फटके, आणि मजुरी नगावर असेल तर चाप धरून ठेवून गन टपाटप आपटत नेण्याचा मोह कोणालाही होणार. पण धक्क्याने गन उसळून पुन्हा टेकली की न मागता दुसरा खिळा सुटतो. अमेरिकेतल्या नायोश आणि ओशा या सरकारी संस्थांनी २०११ साली बांधकाम ठेकेदारांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात बंप ट्रिगरने इजा होण्याचा धोका सिक्वेन्शियलच्या दुप्पट सांगितला आहे, आणि निम्म्याहून जास्त इजा हाताला व बोटांना होतात असंही नोंदवलं आहे. माझं स्पष्ट मत असं, की शेडमध्ये सिक्वेन्शियल ट्रिगरच बसवावा आणि नगाचा दर ठरवताना मालकाने तोच वेग धरावा. दर बंप ट्रिगरच्या वेगाचा आणि सुरक्षेची अपेक्षा दुसऱ्याची, हे जमत नाही. तार किंवा रबर लावून सेफ्टी बांधून ठेवलेली गन दिसली तर ती काढून घ्या, त्याच वेळी.

फळ्या जागच्या जागी धरणारा फर्मा टेबलावर पक्का बसलाय का, फळ्या त्यात हलत नाहीत ना, हे खिळे भरण्याआधी पाहा, म्हणजे फळी हाताने धरायची वेळच येत नाही. दुसरा हात खिळ्याच्या जागेपासून निदान ३० सेंटिमीटर लांब हवा. दोघे समोरासमोर उभे राहून ठोकत असतील तर जागा बदला: गाठीवर आदळलेला खिळा वाकून फळीच्या कडेतून बाहेर येतो आणि समोरच्याच्या पोटाच्या उंचीवर असतो. जुनी पॅलेट दुरुस्त करताना आधीचे खिळे उपटलेले किंवा कापलेले असावेत, लोखंडावर आदळलेला खिळा कुठे जाईल सांगता येत नाही. कॉइलचे खिळे बारीक तारेने जोडलेले असतात आणि प्रत्येक फटक्याला तिचे तुकडे उडतात, म्हणून बाजूने बंद असलेला गॉगल हेल्परलाही हवा. कानात प्लग, पायात टोकाला कठीण असलेले बूट. एवढं झालं की कॉइल भरा.

तेलाचं सोपं आहे. लाइनवर एफआरएल युनिट (हवा गाळणारं, दाब ठरवणारं आणि तेल देणारं) असेल तर त्याच्या वाटीत तेल आहे का पाहा. नसेल तर सकाळी आणि जेवणानंतर हवेच्या तोंडातून दोन-तीन थेंब पुरे. तेल हवेवरच्या हत्यारांचंच घ्या. इंजिन ऑइल किंवा गंज सोडवणारा स्प्रे आतल्या ओ-रिंगांना, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांना, खराब करतो.

पाळी चालू असताना कॉइल बदलणं, अडकलेला खिळा काढणं, दुसऱ्या टेबलाकडे जाणं, हेल्परच्या हाती गन देणं, या प्रत्येक वेळी आधी पाइप काढायचा. ठोकत नसताना बोट चापावर नको. गन पाइपला धरून ओढू नका. डोक्यावरचे ॲलन बोल्ट हादऱ्याने ढिले होतात, ते आठवड्यातून एकदा आवळा. चाप न ओढता चापाच्या झडपेतून हवा सुसू करत राहिली तर तिथली ओ-रिंग गेली. दाब बरोबर असून खिळ्यांची डोकी वर राहू लागली तर खिळ्यावर आदळणाऱ्या ड्रायव्हर ब्लेडचं टोक झिजलंय का बघा. अशी गन लाल चिठ्ठी बांधून वेगळी ठेवा, म्हणजे दुसऱ्या पाळीतला माणूस ती उचलणार नाही.

प्रथमोपचाराची पेटी आणि १०८ हा नंबर टेबलाजवळच्या भिंतीवर हवा. खिळा हातात किंवा पायात घुसला तर शेडमध्ये तो उपटू नका. हात हलणार नाही असा आधार देऊन तसंच दवाखान्यात न्या, छिद्र बारीक दिसत असलं तरी. आत हाड, सांधा किंवा शीर सापडलेली असू शकते. त्याच कॉइलमधला एक न वापरलेला खिळा डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्या, कारण तारेचे काटे आणि खिळ्यावरचा लेप जखमेत राहू शकतात आणि बाहेरून ते कळत नाहीत. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं, हे प्रत्येक कारागिराच्या हजेरीच्या पानावर आधीच लिहून ठेवा.