पिक्सेल लहान म्हणजे फोटो चांगला, असं मलाही वाटायचं

रिमोट सेन्सिंगमध्ये (ड्रोन किंवा सॅटेलाइटवरून घेतलेल्या इमेजवरून जमिनीचा अभ्यास) यायचंय तर काय शिकू, असं विचारणारे बरेच जण भेटतात आणि त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, सॉफ्टवेअर कुठलं शिकू. सॉफ्टवेअर होतं हो शिकून, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, नेटाने बसलात तर हात बसतो. मला जे शिकायला खरा वेळ लागला ते वेगळंच होतं, समोरची इमेज चांगली आहे की नुसती चांगली दिसतेय हे ओळखणं. त्याबद्दलच लिहितो. (सुदूर संवेदन हा शब्द पेपरात लिहायला ठीक आहे, कामावर सगळे आरएसच म्हणतात.)

पहिला किस्सा ड्रोनचा. शंभर मीटरवरून उडवायचं होतं, कॅमेऱ्याचा एक पिक्सेल २.४ मायक्रॉनचा, लेन्स ८.८ मिलिमीटरची. हिशोब सोपा, पिक्सेल गुणिले उंची भागिले फोकल लेंथ, आलं साधारण २.७ सेंटिमीटर. याला जीएसडी म्हणतात, म्हणजे एका पिक्सेलमध्ये जमिनीवरची किती जागा मावते ते. मी खूश, २.७ म्हणजे काय भारीच. ऊन उतरलेलं, वर ढग, शटर ऑटोवर ठेवलेलं, आणि बॅटऱ्या कमी म्हणून स्पीड वाढवून १२ मीटर प्रति सेकंद केला. टॅबच्या छोट्या स्क्रीनवर सगळे फोटो झकास दिसले, सामान आवरलं, आलो परत.

ऑफिसात जीसीपी मार्क करायला बसलो. जीसीपी म्हणजे ज्यांचे कोऑर्डिनेट आधीच नीट मोजलेत असे जमिनीवरचे खुणेचे पॉइंट, आम्ही पांढऱ्या रंगाने अधिकचं चिन्ह काढलेलं, पट्टी दहा सेंटिमीटर रुंद. झूम केलं तर एक पट्टी बारीक रेखीव आणि दुसरी जाड, कडा पुसल्यासारख्या. आधी वाटलं रंगच ओघळला असेल. मग पुढचा पॉइंट बघितला, त्याच्या पुढचा बघितला, सगळीकडे तेच. सिनियरने मागून बघितलं आणि विचारलं, "शटर किती होतं?" फोटोची माहिती उघडली तर १/२०० सेकंद. बारा मीटरला २०० ने भागा, सहा सेंटिमीटर. म्हणजे शटर उघडं होतं तेवढ्या वेळात ड्रोन सहा सेंटिमीटर पुढे गेलेलं, दोन पिक्सेलांपेक्षा जास्त. उड्डाणाच्या दिशेने जी पट्टी होती ती नुसती थोडी लांब झाली, कडा साबूत, आणि आडवी होती ती फासली गेली. फोकस चुकला असता तर दोन्ही पट्ट्या सारख्याच जाड झाल्या असत्या, हा फरक मला तेव्हापासून जो डोक्यात बसलाय तो बसलाच.

गंमत म्हणजे सॉफ्टवेअरने एका शब्दाने तक्रार केली नाही, ऑर्थोमोझॅक (सगळे फोटो जोडून केलेला नकाशासारखा एकसंध फोटो) छान बनवून दिला, रिपोर्टमध्ये जीसीपीची एरर पण कमी दाखवली. पण ज्या पॉइंटांवर मॉडेल ताणून बसवलंय त्याच पॉइंटांवर एरर मोजली तर ती कमीच येणार ना, आपणच पेपर काढायचा आणि आपणच तपासायचा असा प्रकार. म्हणून काही पॉइंट वेगळे ठेवायचे, प्रोसेसिंगला द्यायचेच नाहीत आणि शेवटी त्यांच्यावर तपासायचं, त्यांना चेक पॉइंट म्हणतात. आमच्या चेक पॉइंटांनी सगळं उघडं पाडलं, परत जाऊन उडवावं लागलं, या वेळी शटर १/१००० वर लॉक करून. आता सरक १.२ सेंटिमीटर, अर्ध्या पिक्सेलच्या आत. शटर फास्ट केलं की उजेड कमी पडतो, मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवावा लागतो आणि आयएसओ वाढला की नॉइज येतो, त्यामुळे खरा उपाय भर उजेडात उडवणं किंवा स्पीड कमी करणं हाच. ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे एक फोटो शेजारच्या फोटोवर किती चढतो त्यात, कंजुषी करू नका, पुढच्या दिशेला ७५-८० टक्के आणि बाजूला ६०-७० ठेवा, झाडी दाट असेल तर अजून वाढवा. आणि पाण्यावर मोझॅक फाटला तर स्वतःला दोष देऊ नका, लाटा प्रत्येक फोटोत वेगळ्या असतात, जुळवायला सॉफ्टवेअरला काही सापडतच नाही.

सॅटेलाइटकडे आलो तेव्हा वाटलं इथे सगळं तयार मिळतं, इथे काय चुकणार. पुस्तकात चार रिझोल्यूशन म्हणजे बारकावे असतात, स्पेशिअल (जागेचा), स्पेक्ट्रल (प्रकाशाच्या पट्ट्यांचा), रेडिओमेट्रिक (उजेडाच्या पायऱ्यांचा), टेम्पोरल (किती दिवसांनी परत इमेज), ती पाठ करून टाका, इंटरव्ह्यूला विचारतातच. पण फाइलमधला पिक्सेल म्हणजे सेन्सरचं रिझोल्यूशन नव्हे हे कुणी ठासून सांगत नाही. लँडसॅट ८ या सॅटेलाइटचा थर्मल बँड घ्या (बँड म्हणजे सेन्सर वेगळा मोजतो तो प्रकाशाचा एकेक पट्टा, थर्मल म्हणजे उष्णतेचा), तो मोजला जातो १०० मीटरला आणि आपल्याला मिळतो ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये, रीसॅम्पल करून, म्हणजे मोठ्या पिक्सेलचे हिशोबाने लहान पिक्सेल करून. नवीन माणूस तो उघडतो आणि एकेका इमारतीचं तापमान सांगायला लागतो. सेंटिनेल-२ या सॅटेलाइटचं पण तसंच, त्याच्या १३ बँडपैकी १० मीटरचे फक्त चार, बाकीचे २० आणि ६० मीटरचे, सगळे ताणून १० वर आणले म्हणून त्यात नवी माहिती येत नाही.

आता माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. एका जंगलाचा एनडीव्हीआय (हिरवळ मोजायचा आकडा, इन्फ्रारेड वजा रेड भागिले दोघांची बेरीज) काही वर्षांचा लावत होतो, सगळं ०.८ च्या आसपास आणि २०२२ च्या जानेवारीअखेरीस एकदम ०.५३. मी दुष्काळ शोधला, वणवा शोधला, रिपोर्टमध्ये 'वनस्पतींवर ताण' असा परिच्छेद पण लिहून मोकळा झालो. दोन दिवसांनी कळलं, सेंटिनेल-२ च्या प्रोसेसिंग बेसलाइन (इमेज तयार करायच्या पद्धतीची आवृत्ती) ०४.०० पासून पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवलेले असतात, वापरण्याआधी ते वजा करायचे. समजा रेड ४०० आणि इन्फ्रारेड ३६००, तर ३२०० भागिले ४०००, ०.८ येतं. हजार वजा नाही केले तर १४०० आणि ४६००, वरच्या वजाबाकीत हजार उडून जातात पण खालच्या बेरजेत दोन हजार वाढतात, ३२०० भागिले ६०००, झालं ०.५३. जंगल आपलं मजेत होतं. यात तारखेवर जाऊ नका, मेटाडेटातली, म्हणजे इमेजसोबत येणाऱ्या माहितीतली, बेसलाइन बघा, कारण जुन्या इमेज पण नव्याने प्रोसेस होऊन येतात, आणि काही प्लॅटफॉर्म ते हजार आधीच काढून देतात, तिथे तुम्ही परत वजा केलेत की उलटी गडबड.

ढगांच्या मास्कवर (ढगाचे पिक्सेल आपोआप ओळखून वगळणारा थर) पण डोळे झाकून विसंबू नका, ढगाची सावली पाणी म्हणून जाते आणि विरळ ढग तर बऱ्याचदा सुटूनच जातात. मी अजूनही प्रत्येक इमेज एकदा नैसर्गिक रंगात उघडून नुसती बघतो, दोन मिनिटं लागतात.

नोकरीचं म्हणाल तर भूगोल, सिव्हिल, कॉम्प्युटर, शेती, कुठूनही लोक येतात. सुरुवातीचं काम ग्लॅमरस नसतं, इमेज कापा, प्रोजेक्शन बदला, फायलींना नीट नावं द्या, क्वालिटी चेक करा. क्वालिटी चेकचं काम मिळालं तर नाक मुरडू नका, माझ्या मते शिकायला त्यासारखी जागा नाही. पायथॉन आणि जीडॅल (इमेजच्या फायलींवर काम करायचं टूल) लागतंच पण सहा महिन्यांनी शिकलात तरी चालेल. आमच्याकडे नवीन कुणी आलं की मी तो जुना अधिकच्या चिन्हाचा फोटो समोर ठेवतो, एक पट्टी जाड का झाली विचारतो. बहुतेक जण फोकस म्हणतात. एका मुलीने उलट मलाच विचारलं, ड्रोन कुठल्या दिशेने चाललं होतं?

सुरुवात करायचीच असेल तर सेंटिनेल-२ ची एकाच जागेची एक जुन्या बेसलाइनची आणि एक नव्या बेसलाइनची इमेज उतरवा, दोन्ही एल२ए (वातावरणाचा परिणाम काढलेल्या), त्यात एखादं खोल स्वच्छ तळं शोधा आणि तिथला बँड ८ चा, म्हणजे इन्फ्रारेडचा, आकडा बघा. पाणी इन्फ्रारेड जवळपास सगळं गिळतं, म्हणजे आकडा अगदी छोटा यायला हवा. हजाराच्या वर आला तर काय झालंय ते आता तुम्हाला माहिती आहे.