क्रोमचा लेगगार्ड बसत नाहीये? आधी पाना खाली ठेवा

बाहेरून आणलेला क्रोमचा लेगगार्ड रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ला लावायला घेतला की बहुतेक वेळा हेच होतं, वरचा बोल्ट मस्त जातो आणि खालचं भोक तीन-चार मिमी सरकलेलं निघतं. मग कोणीतरी पहार घालून गार्ड ओढतो, बोल्ट कसाबसा आत ढकलतो आणि पान्याने आवळून टाकतो. प्लीज हे करू देऊ नका. माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये असंच बसवलेलं, दिसायला एकदम फिट, आणि ताम्हिणी उतरून माणगावला चहाला थांबलो तर खालच्या बोल्टचं डोकंच गायब, गार्ड एका बाजूला लोंबतोय, पुढच्या चाकापासून जेमतेम चार बोटं लांब. ओढून बसवलेला पाईप स्प्रिंगसारखा बोल्टला सतत खेचत असतो, त्यात सिंगल सिलिंडरचं व्हायब्रेशन, मग बोल्ट किती दिवस टिकणार.

म्हणून माझा नियम एकच, सगळे बोल्ट बोटांनी फिरवून आत गेले पाहिजेत. पाना फक्त शेवटी आवळायला.

सगळ्यात आधी पार्ट तुमच्याच गाडीचा आहे का ते बघा. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये नवीन क्लासिक आली, नाव तेच राहिलं पण फ्रेम पूर्ण बदलली. जुन्या गाडीला इंजिनच्या पुढे एकच पाईप खाली येतो, नवीनला दोन. पुण्यात नाना पेठेतल्या पार्ट्सच्या दुकानात जाऊन नुसतं "क्लासिकचा गार्ड द्या" म्हणालात तर जुन्याचा हातात पडू शकतो, आणि तो कितीही घासला तरी नवीन गाडीला नीट बसणार नाही. वर्ष सांगा, फोनमध्ये फ्रेमचा पुढून काढलेला फोटो ठेवा.

पार्ट बरोबर आहे आणि तरी बसत नाही, तर बऱ्याचदा दोष प्लेटिंगचा असतो. क्रोमचा थर खरं तर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ, पण त्याच्या खाली निकेल असतं ते जाड, आणि कडांना ते जास्तच साचतं. भोक अरुंद होतं, आटे भरून जातात. आट्यांत ८ बाय १.२५ चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, तेल लावून हळू फिरवा (बोल्ट M८ चा, म्हणजे ८ मिमी जाडीचा असेल तर), अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, कचरा बाहेर येऊ द्या. जोर लावलात तर टॅप आतच तुटेल.

भोकच सरकलेलं असेल तर सगळे बोल्ट दोन-तीन आटेच लावून गार्ड ढिला लटकवा, दोन्ही हातांनी हलवून बघा, निम्म्या केसेस इथेच सुटतात कारण आधी एक बाजू घट्ट केलेली असते. तरी जमत नसेल तर घरातली जुनी जाड लग्नपत्रिका घ्या, फ्रेमच्या भोकांवर दाबून धरा, बोटाने घासलं की गोल ठसा उमटतो. तो कापून गार्डच्या पट्टीवर ठेवला की कुठल्या बाजूला किती घासायचं ते डोळ्यांना दिसतं. एक-दोन मिमीचा फरक असेल तर गोल कानशीने भोक लांबट करा. कानस क्रोमच्या बाजूने आत ढकलायची आणि परत आणताना उचलून घ्यायची, उलट ओढलीत तर क्रोमचा पापुद्रा निघतो. भोवती मास्किंग टेप लावा. घासलेल्या उघड्या लोखंडावर झिंक प्राइमर लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, कोकणातल्या हवेत गंज तिथूनच क्रोमच्या खाली शिरतो.

फरक त्याहून जास्त असेल तर गार्ड सरळ परत करा. क्रोम वाकत नाही, तडकतं, आणि वेल्डिंग केलं की तिथलं प्लेटिंग जळतं.

पट्टी आणि फ्रेमच्या मध्ये फट राहत असेल तर ती बोल्टने ओढून मिटवायची नाही, तेवढ्या जाडीचे स्टीलचे वॉशर भरायचे, आणि मोठी फट असेल तर लेथवाल्याकडून त्या मापाचा बुश (पोकळ नळीचा तुकडा) करून घ्यायचा. पाईपला पकडणारा क्लॅम्प असेल तर आत सायकलच्या ट्यूबची पट्टी घाला, फ्रेमचा रंग वाचतो. पण इंजिन माउंटच्या, म्हणजे इंजिन फ्रेमला जोडणाऱ्या बोल्टखाली रबर कधीच नको, ते दबत जातं आणि बोल्ट सैल होतो.

बोल्टचं डोकं बघा, ८.८ लिहिलेलं हवं, तो बोल्टच्या ताकदीचा ग्रेड. चमकतात म्हणून डेकोरेशनचे घुमटवाले बोल्ट इंजिन माउंटला लावू नका. वॉशर घातलेत तर बोल्ट तेवढाच लांब घ्या, नाहीतर आटे कमी पकडतात. सगळे बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, शेवटचा टॉर्क (आवळायचा जोर) मॅन्युअल बघूनच द्या.

मग गाडी सेंटर स्टँडवर घेऊन हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, ब्रेकचं पॅडल बुटाने दाबून बघा, आणि गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक धरून फोर्क (पुढचे शॉकअप) जोरात दाबा. फोर्क दबल्यावरसुद्धा मडगार्ड गार्डपासून मोकळा राहिला पाहिजे. मागे सॅडल स्टे (बाजूच्या बॅगा टेकवायची दांडी) लावलात तर तेच सायलेन्सर आणि इंडिकेटरच्या बाबतीत, तेही बॅगा भरून, रिकाम्या स्टेवर काही कळत नाही.

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर इंजिन थंड झालं की परत पाना लावा. मी प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ मारून ठेवतो, रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय.